गुरुवारचा झाला सोमवार

यज्ञेश्वरांनी झाकण उघडून पुढे केलेली पाण्याची बाटली सुहासिनीबाईंनी थरथरत्या हाताने बाजूला सारली.

"आज निर्जळी सोमवार आहे माझा."

"मागच्या महिन्यापर्यंत गुरुवार होता. देवांनी आपापसात बदल्या करून घेतल्या वाटतं?"

बाईंच्या कंपवाताला तीन वर्षं झाली होती. पंधरवड्यापूर्वी त्या चक्कर येऊन मोरीत पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: पाणी भरपूर प्या, पुन्हा पडलात तर खुबा मोडेल. आणि बाईंचं हे असं. जन्मभर मास्तरकी केलेल्या यज्ञेश्वरांना उपासतापासांचा आधीच तिटकारा. त्यात आता त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी हडपसरचे संपतराव बसले होते. आजार तोच.

"हाताचं सोडा, मास्तर," ते सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले. "लघवीची लई घाई. मोरी गाठंपर्यंत लेंगा वला. डाक्टरला सांगितलं, गोळी दिली, आता बरं हाय."

दोन-तीन म्हातारे हसले. एकाने गोळीचं नावही विचारून घेतलं. सुहासिनीबाईंनी मात्र मांडीवरची पिशवी पोटाशी ओढली. तिच्यातून एका साडीचा काठ डोकावत होता, अगदी अंगावरच्या साडीसारखाच.

यज्ञेश्वर त्या काठाकडे बघत राहिले. डॉक्टर पूर्वी गुरुवारी बसत, या महिन्यापासून सोमवारी. भाचीच्या मुलाच्या मुंजीतही बाईंचा उपास होता. घरी असल्या की मात्र दोनदा चहा घेत. आपण केवढे मूर्ख, असं त्यांना वाटलं.

आत डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"लघवीचा काही त्रास?"

"नाही," सुहासिनीबाई नेहमीसारखं म्हणाल्या.

"मला आहे," यज्ञेश्वर म्हणाले. "पोचेपर्यंत कपडे खराब होतात. म्हणून बाहेर जायचं असलं की मी पाणीच पीत नाही."

"पाणी तोडायचं नाही, आजोबा. उपाय आहेत यावर."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. यज्ञेश्वरांचे कान लाल झाले होते.

"यांना काही झालेलं नाही, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या. "मला होतं ते. दोन वर्षं झाली."

डॉक्टर लिहू लागले. बाईंनी हात पुढे केला.

"अहो, ती बाटली द्या इकडे."

"आणि महादेव?"

"त्याला ठाऊक होतं सगळं. तुम्हालाच दोन वर्षं लागली."

अर्धी बाटली त्या तिथेच प्यायल्या.