हात हलला नव्हता

गाडीचं पुढचं चाक चार बोटं वर उचललं, की त्याचं तोंड गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकं बाहेर वळायचं. एवढंच. उभ्या गाडीकडे पाहून ते कुणालाही दिसलं नसतं. मला मात्र दर वेळी कळायचं, कारण त्या चाकाला वळवणारा मीच होतो.

मित्रांनो, मी जालन्यातल्या एका लांब नाकाच्या, निळ्या, जुन्या गाडीचा टायरॉड आहे. पोलादाचा साधा दांडा. चालकाने स्टिअरिंग फिरवलं की ते वळण चाकापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. भट्टीत तापलो, घणाखाली घडलो, टोकांना गोल सांधे बसले आणि चाकाच्या मागच्या अंधारात माझी जागा ठरली. तिथे कौतुक करायला कुणी येत नाही.

गाडीचे मालक गजाननराव मात्र यायचे. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात ते हिशेब बघत. सुट्टीच्या दिवशी पोतं अंथरून गाडीखाली शिरत, माझ्या सांध्यांत ग्रीस भरत आणि म्हणत, "हे आपलं गप्प लेकरू. कधी कुरकुर न्हाई." दर महिन्याला ते बायकोला, रमाबाईंना, धावड्याला तिच्या बहिणीकडे, नंदाबाईंकडे घेऊन जात. त्यांच्या हाताची मला ओळख होती. हात कुठे सैल पडतो, कुठे घट्ट होतो, सगळं माझ्यापर्यंत येऊन पोचतं.

पुढे त्यांची मुलगी जान्हवी बाहेरगावी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागली. गाडीवर तिचा लहानपणापासून जीव. तिला ती परदेशी मसल कारसारखी, जमिनीला टेकल्यासारखी दिसायला हवी होती. तिने पुढच्या स्प्रिंगा आखूड बसवल्या. गाडी देखणी झाली. शेजारीपाजारी फोटो काढून गेले. गाडीखाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही.

गाडी खाली आली, तसं माझं आतलं टोक तिच्याबरोबर खाली आलं. बाहेरचं टोक चाकापाशी होतं, ते वरच राहिलं. मी तिरका झालो. मित्रांनो, दोन कंपास घ्या. सुया वेगवेगळ्या जागी रोवा, पेन्सिली एकाच बिंदूवर ठेवा आणि कमानी काढा. थोडं अंतर त्या चिकटून जातील, मग फाकतील. चाकाला धरणारा लोखंडी हात एका कमानीत झुलतो, मी दुसऱ्या. मूळ उंचीवर आमच्या कमानी जुळत होत्या. आता चाक वर उचललं गेलं की मी त्याची मागची कड आत ओढायचो, आणि कुणी न वळवता चाक वळायचं.

भोकरदनच्या रस्त्यावर, धावड्याला जाताना, व्हायचं ते झालं. उजवं चाक डांबराच्या उंचवट्यावर चढलं आणि गाडी उजवीकडे झेपावली. समोरून मोटारसायकलवर नवराबायको येत होते. गजाननरावांनी गाडी सावरली. ते दोघं हातभर अंतरावरून निघून गेले.

रमाबाई एकच शब्द बोलल्या. "अहो, हात!"

हात हलला नव्हता. तो हलला असता, तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं. पण दांड्याला सांगता येत नाही.

राधेश्यामच्या गॅरेजमध्ये चाकांची मापं झाली. "अलाइनमेंट बिलकुल बराबर हाय, काका," तो म्हणाला. "गाडी अजून वीस वर्षांची पोरगी हाय. आता ड्रायव्हर बदला." गजाननराव हसले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. त्यांच्या वडिलांचे हात म्हातारपणी कापत असत.

त्या दिवसापासून ते स्टिअरिंगला शिवले नाहीत. धावड्याला जाणं एसटीने होऊ लागलं, मग कमी झालं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या सांध्यावरचं रबर तडकलं, आत धूळ गेली. शेडशेजारी स्वयंपाकघराची खिडकी आहे. तिथून रमाबाईंचा आवाज यायचा. "गाडी विकायची का ठेवायची, ते एकदा सांगा ना."

"बघू."

दिवाळीच्या सुट्टीत जान्हवी आली. एकटीच गाडी घेऊन त्याच रस्त्याला गेली आणि परतली ती थेट वडिलांपाशी.

"बाबा, त्या दिवशी कुठलं चाक वर चढलं होतं?"

"उजवं."

"आणि गाडी उजवीकडेच गेली."

"हात गेला तिकडं गाडी गेली. कशाला उकरून काढून राह्यलीस?"

ती शेडमध्ये गेली. गाडी ठोकळ्यांवर उभी केली, पुढची स्प्रिंग काढली, चाकाच्या जागी एक सपाट पत्रा बसवला आणि पत्र्याच्या दोन्ही कडांना मापाचे काटे टेकवले. मग वडिलांना आत बसवलं. "स्टिअरिंग घट्ट धरा." जॅकने तिने ती बाजू हळूहळू उचलली. रमाबाई काट्यांपाशी उभ्या होत्या.

"वळलं की हे," त्या म्हणाल्या.

"मी हलवलं न्हाई," गजाननराव आतून म्हणाले.

जान्हवीने त्यांना उतरवलं आणि स्टिअरिंग त्यांच्याच गळ्यातल्या दस्तीने सीटला करकचून बांधलं. पुन्हा जॅक. गाडीत कुणी नव्हतं. काटे पुन्हा फिरले. गजाननराव काट्यांकडे बघत राहिले, मग आपल्या हातांकडे.

"स्प्रिंगा मी बदलल्या होत्या, बाबा," जान्हवी म्हणाली. "तुमचा हात नव्हता तो."

रमाबाईंनी दस्ती सोडली, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. "आणि मी त्या दिवशी 'हात' म्हणाले," त्या हळूच म्हणाल्या.

मग आम्ही राधेश्यामकडे गेलो. "उभ्या गाडीचंच माप घेतलं मी," तो मान खाली घालून म्हणाला. "वर-खाली करून कोण बघतं, ताई?" जान्हवीने थोड्या उंच स्प्रिंगा निवडल्या. गाडीचा तोरा थोडा गेला, तो तिने जाऊ दिला. माझं बाहेरचं टोक बदलून तिथे लांब बोल्ट बसवला आणि त्यावर एकेक पोलादी कडी घालत ते टोक खाली आणलं. दर कडीला पुन्हा माप. वळणं पूर्ण गेलं नाही, ते पूर्ण जातही नाही. पण गव्हाच्या दाण्याच्या जागी खसखस उरली.

मित्रांनो, वस्तू हौसेने जरूर सजवा. पण एक भाग हलवला की त्याला जोडलेला दुसराही हलतो, म्हणून खाली वाकून बघा. आमच्या सांध्यांना ग्रीस द्या. आणि काही बिघडलं, तर माणसाच्या हाताला दोष देण्याआधी आम्हाला तपासा. आम्हाला दोष लागला तर दुखत नाही.

परवा जान्हवीने गाडी त्याच रस्त्याला काढली. शेजारी गजाननराव, मागे रमाबाई. डांबराचा तो उंचवटा अजून तसाच होता. उजवं चाक चढलं, उतरलं. मी माझ्या जागी झुललो, इतकंच. गाडी सरळ गेली.

"थांबव," गजाननराव म्हणाले.

गाडी बाभळीखाली थांबली. ते उतरले, गाडीला पुढून वळसा घालून चालकाच्या दाराशी आले. आत वाकून त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, आणि तो मला कळला. स्थिर होता.

"जान्हवी, तू मागं जा. रमा, तू पुढं ये," ते म्हणाले. "गाडी विकायची न्हाई. धावड्यापर्यंत मी चालवतो."