गुडघाभर पाणी

मित्रांनो, तुम्ही मला तलाव म्हणता, पण मी एक जुनी दलदल आहे. म्हणजे, होते.

आंजी गावाच्या अलीकडे नाला पसरतो, तिथली मी. तलाव खोल असतो, त्याचं पाणी मोकळं दिसतं. काही पाणथळ जागांत मोठाली झाडं पाण्यात पाय रोवून उभी असतात. माझ्यात झाड नव्हतं. लव्हाळा, पाणकणीस, मऊ चिखल आणि गुडघाभर पाणी, एवढंच. पावसाळ्यात पाणकोंबड्या माझ्या गवतात घरटी करत.

तानाबाई रोज गवत कापायला यायची. तिची नात रंजिता माझ्यात शंख वेचायची. तानाबाई अधूनमधून मान वर करून बघायची, पण हाक मारायची नाही. पाणी गुडघ्याच्या वर नाही, हे तिला ठाऊक होतं. त्या विश्वासाचा मला फार अभिमान वाटे.

गेल्या उन्हाळ्यात वांग्यांची वाडी करणारे बंडूजी गावातल्या शेतकऱ्यांसोबत जेसीबी घेऊन आले.

"जुना तलाव हाय हा, गाळानं बुजला. गाळ काढू, वावरात टाकू."

"तलाव कवा होता जी?" तानाबाई म्हणाली. "लगन होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी. असाच हाय."

"तुले काय समजते वं? तू आपलं गवत कापजो!"

सगळे हसले.

ते ज्याला गाळ म्हणत होते, ती मीच होते. मुरूम लागेपर्यंत त्यांनी मला खोदलं. ट्रॉल्या भरभरून मी शेतांवर गेले.

श्रावणात खड्डा भरला. पाणकोंबड्या आल्या, उघडं पाणी पाहून परत गेल्या. रंजिता मात्र नेहमीसारखी चपला हातात घेऊन उतरली. दुसऱ्या पावलाला तळच नव्हता. तिला झेलायला माझ्याजवळ चिखलही उरला नव्हता, मित्रांनो. काठाशी लव्हाळ्याचं एकच ठोंब राहिलं होतं, ते तिच्या हाताला लागलं. तानाबाई विळा टाकून धावली. तिने केसांना धरून पोरीला ओढलं.

तानाबाईने पोरीचं ओलं तोंड पदराने पुसलं. मग म्हणाली, "आता इकडे येजो नोको, पोरी. हे आपलं नाई राह्यलं."

त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत. ते ठोंबही आता कुजलं.

मित्रांनो, कुठे गुडघाभर पाणी आणि दाट गवत दिसलं, तर खोदण्याआधी तिथे गवत कापणाऱ्या बाईला विचारा. तिच्यावर हसू नका. आणि माझ्याकडे येऊ नका. माझा तळ आता मलाही सापडत नाही.