पाचपैकी किती?

आपल्याकडे पंगतीला बसलेला माणूस वाढणाऱ्याला ‘भाजी अळणी झाली’ असं कधी सांगत नाही. पानातलं संपवतो, पोटावरून हात फिरवतो आणि ‘झकास’ म्हणून उठतो. रीत चांगली आहे, पण ती सगळीकडे चालत नाही, हे कुंभार पिंपळगावच्या अंगदला फार उशिरा कळलं. तोवर त्याच्या चुलतीच्या पायाची तीन बोटं गेली होती.

अंगदचं बसस्टँडजवळ केबलचं आणि इंटरनेटचं ऑफिस. निम्म्या गावाच्या टीव्हीला त्याचीच वायर, आणि त्याचा त्याला तोराही होता. मागच्या दिवाळीनंतर जालन्याहून पलक नावाची इंजिनिअर त्याच्याकडे आली. मारवाडी घरातली, बापाचं बियाण्यांचं दुकान; ही मात्र चित्रांच्या मागे लागलेली. तिच्या कंपनीने एक सोय बनवली होती. गावातल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि जालन्यातल्या डॉक्टरांनी त्याला पडद्यावर तपासायचं.

अडचण एवढीच होती की गावाची लाईन बारीक. तेवढ्यातून चित्र पाठवायचं तर ते चेपावं लागतं, आणि चेपलं की त्यात चौकोन चौकोन उठतात. पलकचं सॉफ्टवेअर ते चौकोन पुसून चित्र गुळगुळीत करायचं. किती पुसलं म्हणजे बघणाऱ्याला चित्र चांगलं वाटतं, हे तिला मोजायचं होतं.

“मशीन आकडा देतं, अंगदभाऊ,” ती म्हणाली, “पण डोळ्याला काय वाटतं ते डोळ्यालाच विचारावं लागतं. मला गावातली वीस माणसं द्या. मी दहा-दहा सेकंदांचे तुकडे दाखवीन, प्रत्येकाने पाचपैकी गुण द्यायचे. सरासरी साडेतीनच्या खाली गेली तर इथे जमणार नाही. मग शेजारच्या तीर्थपुरीला बघू.”

तीर्थपुरीचं नाव निघालं आणि अंगदला मिरची झोंबली. त्याने वीस घरं फिरून माणसं गोळा केली आणि प्रत्येकाला बजावलं, “पोरगी आपल्या गावासाठी करून राह्यली. नावं ठेवू नका, बरं का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले, चहा झाला, तुकडे बघून झाले आणि वीसच्या वीस जणांनी सगळ्याला पाच गुण दिले. पलकला हसू आवरेना. “अहो, मी मधे मुद्दाम बिघडवलेले तुकडे टाकले होते. त्यांनाही पाच? हे कागद मला फेकावे लागतील. दुपारी पुन्हा बघू. आणि खरं सांगा, मला बिलकुल वाईट वाटणार नाही.”

दुपारी माणसं जरा मोकळी झाली. कुणी तीन दिले, कुणी चार. ज्यांना लिहिता येत नव्हतं अशा आठ जणांचे कागद भरायचं काम अंगदकडे होतं. त्यातच त्याची चुलती सोनूबाई. त्याची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला पदराखाली घेऊन वाढवलं होतं. अंगात साखरेचा आजार, पण नजर अशी की डाळीतला डाळीच्याच रंगाचा खडा ती बोलता बोलता उचलायची.

पडद्यावर एका म्हाताऱ्या बाईचा तळहात आला. स्वच्छ, नितळ, कुठे एक चौकोन नाही.

“कसं वाटतंय, काकू?”

“दोन,” सोनूबाई म्हणाली.

“दोन? एवढं साफ दिसतंय!”

“साफ हाये, पर हाताला रेघाच न्हाईत रे. कणकेचा हात दिसून राह्यला. दोन लिव्ह.”

अंगदने मान डोलावली आणि चार लिहिले. डोक्यात तीर्थपुरी होती. शिवाय, डॉक्टर गावातच आला तर या काकूचेच जालन्याचे हेलपाटे वाचतील, असंही त्याने मनाला सांगितलं. पाप करताना माणसाला पुण्याचं कारण हमखास सापडतं. एकदा हात सैल सुटल्यावर आठपैकी सहा जणांचे आकडे त्याने असेच चढवले. सरासरी तीन पूर्णांक सहा आली. पलकने त्याचे आभार मानले.

सात महिन्यांनी अंगदच्या ऑफिसातल्या मागच्या खोलीत ती सोय सुरू झाली. हार-नारळ झाले, सरपंचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पावसाळा संपता संपता सोनूबाई पाय दाखवायला आली. करंगळीपाशी कसंतरीच वाटतं, म्हणाली. दुखत मात्र नव्हतं. साखरेच्या माणसाला पाय दुखलेला कळत नाही, हे तिला कुठलं माहीत? अंगदने स्वतः कॅमेरा खाली ओढून तिच्या पायावर धरला.

डॉक्टरांना दिसायचं तेच पुसलेलं चित्र इथल्या पडद्यावरही यायचं; ते बघून तो थबकला. चाळीस वर्षं रानात राबलेल्या त्या पायाला टाचेपासून भेगाच भेगा होत्या. पडद्यावर एकही नव्हती. पाय कसा, तर नव्या नवरीचा! खाली वाकून पाहिलं तेव्हा करंगळीच्या बेचक्यात तिळाएवढा काळा ठिपका त्याच्या डोळ्यांना दिसला. पडद्यावर तोही नव्हता. तिथे नाही म्हणजे माती लागली असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

“जखम तर दिसत नाही,” पलीकडून डॉक्टर म्हणाले. “मलम लावा, पाय कोरडा ठेवा. महिन्याने परत दाखवा.”

महिना कुठला! विसाव्या दिवशी पायाला वास यायला लागला. जालन्याला नेलं तेव्हा तिथल्या सर्जनने डोक्याला हात लावला आणि तीन बोटं काढली.

तेव्हापासून अंगद रोज सोनूबाईच्या घरी जायचा. पट्टी बदलायला न्यायचा, औषधं आणायचा, संडासापर्यंत हाताला धरून न्यायचा. सोनूबाई आल्यागेल्याला सांगायची, “माझा अंगद पोटच्या लेकावानी करून राह्यला.” ती चार शिव्या देती तर बरं, असं त्याला वाटायचं. पण शिव्या द्यायला तिला काही ठाऊक तरी हवं ना. ठाऊक फक्त त्यालाच होतं.

मग एका सकाळी पलक सोनूबाईच्या घरी आली. हातात लॅपटॉप आणि जुनी फाईल. चेहरा उतरलेला.

“आजी, चूक माझी आहे,” ती सोनूबाईच्या बाजेशेजारी खालीच बसली. “चित्र छान दिसावं म्हणून मी जे पुसलं, त्यात तुमचा ठिपका पुसला गेला. मी लोकांना छान वाटतं का एवढंच विचारत बसले, खरं दिसतं का ते विचारलंच नाही. आणि याच आकड्यांवर अकरा गावांत ही सोय लागली.”

अकरा गावं! भिंतीला टेकून उभ्या अंगदने हे आज पहिल्यांदाच ऐकलं.

“त्या हाताच्या चित्राला मी किती दिल्ते गं?” सोनूबाईने विचारलं.

पलकने फाईल उघडली. “त्या हाताच्या तुकड्याला? चार.”

सोनूबाईने वळून अंगदकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, डाळ निवडताना ताटाकडे बघायची तसं. मग ती पुन्हा पलककडे वळली.

“असतील दिले,” ती म्हणाली. “म्हातारपनी ध्यानात ऱ्हात न्हाई.”

तिला सगळं कळलं होतं आणि तरी ती त्याला पाठीशी घालत होती. त्या दिवशी पोहे खाऊन पाच देणाऱ्या गावाची तीच रीत. अंगदला ते सोसवेना.

“दोन,” तो म्हणाला. “काकूनं दोन सांगितल्ते. हाताला रेघा न्हाईत म्हन्ली होती. चार मी लिहिले. आणखी पाच जनांचे बी मीच चढवले.”

पलक फोन घेऊन अंगणात गेली. अकराही गावांतली तपासणी आजपासून थांबवा, असं ती कुणाला तरी सांगत होती.

“कामून रे?” सोनूबाईने विचारलं.

“ती सोय तीर्थपुरीला जाईल म्हून,” अंगद म्हणाला. उत्तर त्याच्याच कानाला इतकं हलकं लागलं की तो तिच्या पायाशी बसून रडायला लागला. सोनूबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मांडीवर होता, तो तिथेच राहिला.

पलक आत आली. तिने लॅपटॉप सोनूबाईसमोर ठेवला. “आजी, आता पुसणं कमी केलंय. चौकोन दिसतील, पण तुम्ही बघा आणि सांगा. पाचपैकी किती?”

पडद्यावर पुन्हा तोच तळहात आला. सोनूबाई डोळे बारीक करून बघत राहिली. पलकने कागद आणि पेन पुढे केलं, तसा जुन्या सवयीने अंगदने डोळे पुसत हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” सोनूबाई म्हणाली आणि पेन तिने घेतलं. “अक्षर येत न्हाई मला, पर रेघा वढता येतात.”

तिने कागदावर एक रेघ ओढली. दुसरी ओढली. पडद्याकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं आणि तिसरी ओढली.

“तीन,” कागद पलककडे देत ती म्हणाली. “रेघा दिसून राह्यल्या. पर आजून बराबर न्हाई.”

अंगदने पुढे केलेला हात मागे घेतला.