निलगिरीच्या सावलीतली तार

वॉशिंग्टन लारोसा एकतीस वर्षं भाताच्या शेतांवर फवारणीचं विमान उडवत होता. त्या सकाळी तो अर्धं शेत तसंच सोडून उतरला. निलगिरीच्या रांगेजवळची विजेची तार त्याला अगदी ऐनवेळी दिसली होती. पंधरा दिवसांतली ही दुसरी खेप.

मेकॅनिक डेल्मिरा काखेत थर्मास धरून आली. "काय रे म्हाताऱ्या, तार तोडून घरी न्यायचा विचार होता का?"

"डोळे गेले माझे, पोरी." त्यानं हातमोजे सीटवर टाकले. "आजपासून विमान बंद."

डेल्मिरानं त्याचं हेल्मेट उचललं. काच काळीभोर, वर आरशासारखा चकचकीत मुलामा.

"ही कधी बसवलीस?"

"महिना झाला. लेकीनं वाढदिवसाला पाठवली. उन्हात काय गार वाटतं म्हणून सांगू!"

"घाल हेल्मेट. चल माझ्याबरोबर."

दोघं ट्रकनं शेताच्या कडेला गेले. "काच खाली कर आणि तार दाखव," ती म्हणाली.

त्यानं मान उंचावली. खांब दिसला, पुढे झाडांच्या सावलीत सगळं काळं.

"आता काच वर कर."

तार स्वच्छ दिसली. तिच्यावर बसलेली दोन पाखरंसुद्धा. त्यानं काच चार वेळा खालीवर केली. दर वेळी तेच.

"आणि विमानातला तो नकाशाचा पडदा? तोही मधूनच काळा व्हायचा," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तोही माझ्याच डोळ्यांचा दोष."

"मान तिरकी केलीस की व्हायचा ना? पाण्यावरची चकाकी कापणारी काच आहे ही. नदीवर मासे धरायला झकास, पण पडद्याचा उजेडही गिळते. गाढवा, आधी बोलायला काय झालं होतं?"

वॉशिंग्टन बांधावर मटकन बसला. "बायकोलाही सांगितलं नव्हतं गं. झोप उडाली होती माझी."

डेल्मिरा शेजारी बसली आणि थर्मासमधलं गरम पाणी ओतून 'माते' या कडसर पानांच्या चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

दुपारी त्यानं जुनी पारदर्शक काच लावून उरलेलं शेत फवारलं. तरी दुसऱ्या दिवशी तो शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलाच. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची जराशी सुरुवात होती. उडायला हरकत नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं त्या म्हणाल्या.

या वेळी त्यानं काही लपवलं नाही. घरी बायकोला सांगितलं, आणि सकाळी डेल्मिरालाही.