नसांच्या गाठीत निजलेला

"लग्नाला पुरता महिना नाही झाला, आणि ओठावर फोडांचा घोस! माहेराहून काय घेऊन आलीय, कोण जाणे."

सासूबाई हे आपल्या लेकीला म्हणाल्या, स्वयंपाकघरात, नळ सोडून. नळाच्या आवाजात बोललेलं बाहेर जात नाही, अशी त्यांची समजूत आहे. जातं. नवी सून दाराबाहेर वाळलेली दुपटी घेऊन उभी होती. तिने ऐकलं, आणि तिच्या कानाच्या शेजारीच माझं बिऱ्हाड असल्यामुळे मीही ऐकलं.

माहेराहून ती जे घेऊन आली, तो मीच बोलतोय. मी एक विषाणू. डॉक्टर मला हर्पीस म्हणतात. घरोघरी मात्र 'ताप फुटला', 'उष्णता झाली', 'अंगावरून कोळी गेला' असं काहीबाही चालतं. कोळ्याचा यात काही संबंध नाही. बिचारा उगाच बदनाम.

तिच्याकडे मी आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. मावशीच्या ओठाच्या कडेला बारीकसा फोड होता. पण भाची फ्रॉक घालून समोर आली आणि मावशीला राहवलं नाही. तिने पापा घेतला. माझा बहुतेक प्रवास असा मायेपोटीच होतो. रागाच्या भरात मला कुणी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

त्या पहिल्या खेपेला मी दांडगाई केली. ताप आणला, हिरड्या सुजवल्या, दोन दिवस ती दुधाला तोंड लावेना. मग तिच्या अंगाने मला हुसकावलं. मी गेलो नाही. नसेचा धागा धरून मागे मागे सरकत राहिलो आणि कानाच्या पुढे, हाडाच्या आत, चेहऱ्याच्या नसा जिथे एका गाठीत भेटतात, तिथे अंग मुडपून निजलो.

तिथली झोप कशी सांगू? कोमट अंधार असतो. तिचं चावणं लांबून ऐकू येतं, कुणी ओल्या वाळूतून चालत गेल्यासारखं. तिचं गुणगुणणं येतं, पण शब्द वाटेतच विरघळलेले असतात, नुसती थरथर पोचते. वर्षं पाण्यावरच्या उजेडासारखी माझ्यावरून सरकली. ती फार बोलत नाही. बोलायच्या बेतात असते, जबडा जरा सैल होतो, जीभ उचलते, आणि मग सगळं गिळून टाकते. तिची ती न बोललेली वाक्यं माझ्या शेजारून खाली उतरताना मी अर्धवट झोपेत पाहिली आहेत. काही तर फारच मजेदार होती. ऐकणाऱ्यांचं नुकसान, दुसरं काय.

मी उगाच जागा होत नाही. कडक ऊन लागतं, ताप येतो, जागरणं होतात, ओठ फुटतात, मनाला घोर लागतो. अंगाचा पहारा ढिला पडतो आणि कुणी पांघरूण ओढल्यासारखी मला जाग येते. तिचं काम रोपवाटिकेत. भर दुपारी वाफ्यांवर वाकून कोवळी रोपं उपटायची आणि मातीच्या पिशव्यांत लावायची. त्यात लग्नाच्या धांदलीत पंधरा दिवस धड झोप नाही. मग नवं घर, अनोळखी उशी, सगळ्यांच्या आधी उठायची धडपड, आणि सुट्टी संपताच पुन्हा ऊन. इतकं झाल्यावर मी तरी किती झोपणार?

आलो. आधी चुरचुर, मग दाटीवाटीने पाण्याचे फोड, मग ओल, मग खपली.

त्या संध्याकाळी तिचा पेला वेगळा झाला. पेला आपला खिडकीत जाऊन बसला. तसं ते योग्यच होतं म्हणा. पण गंमत अशी, की सासूबाईंच्या ओठालाही वर्षातून दोनदा असेच फोड येतात. माझाच एक भाऊबंद तिथे चाळीसेक वर्षं नांदतोय. त्याला मात्र घरात सगळे उष्णता म्हणतात. सुनेला आला की रोग, सासूला आली की उष्णता.

घरात तेव्हा नणंदेचं बाळ होतं, नऊ दिवसांचं. मुठी वळून झोपायचं आणि झोपेतच कुणाशी तरी हसायचं. जो येईल तो त्याच्या गालाला, ओठाला ओठ लावून जायचा. ती एकटीच लांब बसायची.

"वहिनी, घे की गं त्याला. चावत नाही तो, दात कुठायत?" नणंद म्हणाली.

तिने नुसती मान हलवली.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच लेकरांची हौस असते असं नाही."

तेही वाक्य माझ्या शेजारून खाली गेलं. म्हणजे, त्यावरचं तिचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन माझ्याकडे निरखून पाहिलं. मला जरा लाजल्यासारखं झालं.

"पहिल्यांदा आलंय?"

"नाही, वर्षाआड येतं. उन्हाळ्यात."

"मग ते राहायलाच आहे तुमच्याकडे. घाबरू नका, निम्म्याहून जास्त दुनिया हे घेऊन फिरते. बऱ्याच जणांना पत्ताही नसतो."

"कायमचं जात नाही का?"

"जात नाही. पण निजवून ठेवता येतं. उन्हात जाताना टोपी घाला, ओठाला उन्हापासून जपणारं मलम लावा. झोप काढा, नव्या नवरीला कोण काढू देणार ते मला माहीत नाही. डॉक्टरांना दाखवून ठेवा. पुढच्या वेळी चुरचुरायला लागलं की त्याच दिवशी गोळी सुरू करायची. खपली खरवडू नका. हात लागला की धुवा, तो हात डोळ्याला तर अजिबात नको. पेला, टॉवेल, ओठाचं मलम आपापलं." चष्मा परत कपाळावर गेला. "घरात तान्हं बाळ नाही ना?"

"आहे."

बाईंचा आवाज बदलला. "तान्ह्याच्या अंगात याच्याशी झुंजायचं बळ नसतं. आपल्या ओठावर आठवडाभर, पण बाळाच्या थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. फोड दिसायची वाट बघू नका, नुसतं चुरचुरत असलं तरी पापा नको. कधी काही दिसत नसतानाही पसरतं. मी तर म्हणते, इतक्या लहानाच्या तोंडाचा पापा कुणीच घेऊ नये."

मला कसंनुसं झालं. मला कुणाचं वाईट करायचं नसतं. पण मावशी कोण आणि नऊ दिवसांचं बाळ कोण, हे मला कळत नाही. तुम्हाला कळतं. माझी एवढीच विनवणी आहे, की तेवढं माझ्यावर सोडू नका.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, सासूबाईंच्या उष्णतेसकट. "तू काही बोलू नकोस, आईला वाईट वाटेल," तो म्हणाला. "मी बघतो." तो अजून बघतोच आहे.

दोन आठवडे गेले. माझी खपली पडली, खाली कोवळी गुलाबी कातडी आली, आणि मी परत नसेच्या धाग्याने गाठीकडे निघालो. आवाज पुन्हा लांबचे होत होते.

ती सुट्टीची सकाळ होती. दोन दिवस सर्दीतापाने आडव्या पडलेल्या सासूबाई उठून चहा घेत होत्या आणि घोटागणिक ओठाच्या कोपऱ्यावरून जीभ फिरवत होत्या. मग बोटाने चोळलं. मग परत जीभ. तिने ते समोरून पाहिलं. कपात तिचा चहा तसाच राहिला.

"आई, जरा धर याला, मी केस धुऊन येते," म्हणत नणंदेने बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं आणि न्हाणीघराचं दार लावलं.

"ये रे माझ्या राजा," सासूबाई त्याच्यावर वाकल्या.

बोलली, तर आपणच बाहेरून रोग आणून वर सासूच्या माथी मारला असं होणार. नाही बोलली, तर बाळ. माझे डोळे मिटत आले होते. जबडा सैल झाल्याचं कळलं, जीभ उचललेली कळली. आता गिळेल, असं मला वाटलं. मी वाट पाहिली. खाली काहीच उतरलं नाही. वरूनच, कधी नव्हे एवढा मोठा, तिचा आवाज आला.

"आई, थांबा. त्याचा पापा घेऊ नका. तुमच्या ओठाला सकाळपासून चुरचुरतंय, मी बघतेय. मला आलं होतं तेच आहे हे, उष्णता नाही. आपण आठवड्यात बऱ्या होऊ, त्याला नाही झेपणार. द्या इकडे, माझी जखम पूर्ण भरलीय, हात आत्ताच धुतलेत, आणि मीही त्याचा पापा घेणार नाही. ताई आल्या की आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, गोळी आजच सुरू केलेली बरी. रागवायचं असेल तर वाटेत रागवा."