अक्रोडाच्या पाचरी

"हे आमचं काम नव्हे," असं ठणकावून सुतार मर्डो गॅल्ब्रेथने करवत पेटीत टाकली.

क्लाइड नदीकाठच्या गोदीत 'आर्डगूर' उभं होतं. परवापरवापर्यंत श्रीमंत उतारूंना न्यूयॉर्कला नेणारं जहाज. युद्ध पेटलं आणि नौदलाने ते ताब्यात घेतलं. डेकवर जुन्या तोफा बसल्या आणि खालच्या केबिनींत तोंडं बंद केलेली रिकामी पिंपं भरली गेली. जहाजाला भगदाड पडलंच, तर त्यांच्या जोरावर ते तरंगत राहणार होतं. पण पिंपं हलू नयेत म्हणून त्यांच्या फटींत पाचरी कोणी ठोकायच्या? लाकूड म्हणजे सुतारांचं, असं मजूर म्हणत. पिंपं म्हणजे मजुरांची, असं सुतार म्हणत. क्लाइडवर एकाच्या कामाला दुसरा हात लावत नसे. एवढ्यातेवढ्यावरून संप होत.

मर्डोच्या रागाचं मूळ निराळं होतं. या जहाजाच्या दिवाणखान्यातल्या अक्रोडी भिंती तरुणपणी त्यानेच बसवल्या होत्या. आज त्याच हातांनी त्या उचकटून धक्क्यावर रचल्या होत्या.

जिन्यात त्याचा मुलगा फिनले भेटला. बापाचा धंदा सोडून तो याच जहाजावर वाढपी झाला होता, म्हणून मर्डो त्याला चारचौघांत 'ताटवाला' म्हणून हिणवी. आता तो जहाजावरच राहणार होता, तोफेला गोळे पुरवायला.

"बाबा, ती पिंपं मोकळीच राहणार का?"

"मजुरांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला विचार." फिनले हसला खरा, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते.

जहाज उद्या सुटणार होतं आणि पाचरींचं लाकूड अजून आलं नव्हतं. तो धक्क्यावर गेला, एक अक्रोडी फळी ओढली, तिच्या झिलईवरून एकदा हात फिरवला आणि करवत लावली.

"संघटनेला काय सांगायचं रे?" एका सोबत्याने विचारलं.

"सांग, म्हातारा भ्रमिष्ट झाला."

थोड्या वेळाने तोही कुरकुरत हातोडा घेऊन आला.

हिवाळा सरताना बातमी आली, 'आर्डगूर' बुडालं. मर्डोची बायको इशबेल दाराकडे डोळे लावून बसली. मर्डोला घास गिळवेना. आपण मुलाला कधी धड नावाने हाक मारली नाही, हेच त्याला डाचत राहिलं. मग एका संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचे बूट घालून फिनले दारात उभा राहिला.

इशबेलचं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "दोन टॉर्पेडो लागले, तरी अख्खी दुपार तरंगत होतं. सगळ्या होड्या सोडता आल्या. पिंपं हलली नाहीत, बाबा."

जन्मात कधी स्वतःचा कपही न उचललेला मर्डो स्वयंपाकघरात गेला आणि बटाटे-मटणाचं ताट दोन्ही हातांत धरून घेऊन आला.

"डाव्या बाजूने वाढायचं असतं, बाबा," फिनले हळूच म्हणाला.

मर्डो निमूटपणे वळसा घालून त्याच्या डावीकडे आला आणि ताट त्याच्यासमोर ठेवलं.

"जेव, फिनले," तो म्हणाला.