मेहरोजचा आकडा

मुलगा मेहरोज अफगाण लढाईत बेपत्ता झाल्याचं सरकारी पत्र खुजंदला आलं, तेव्हा त्याच्या आईने, साव्रीने, हंबरडा फोडला आणि होलमुरोद मास्तर पत्राच्या कोपऱ्यातला मेहरोजचा नोंदणी आकडा बघत बसले. ८१५४४०७४८९. दोनाने जाईना, तिनाने जाईना, सातानेही नाही. सारी हयात गणित शिकवण्यात गेलेली. त्यांनी देवाला साकडं घातलं: हा आकडा कशानेच भागला गेला नाही, तर पोर जिवंत आहे असं समजेन. देवाला असं पेचात धरू नये हे त्यांना कळत होतं. पण बापाचं काळीज!

वर्गमुळापर्यंत, म्हणजे नव्वद हजार तीनशेपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं होतं. मास्तरांनी चौकटीच्या कागदांवर दहा-दहाच्या ओळींत आकडे मांडले, भाग जाणारे खोडले, उरलेल्यांची यादी केली. मग शाळेतून आल्यावर जर्दाळूच्या झाडाखाली रोज तीन भागाकार. नऊ वर्षं. पत्र धाडणारा सोव्हिएत देशसुद्धा मोडून गेला, तरी आकडा मोडेना.

शेवटच्या भागाकारातही बाकी उरली, त्या दुपारी मास्तर ओरडले, "साव्री, टिकला गं!" साव्रीने पुलाव चढवला.

शेजारची ओयनिसो आली. एके काळची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिक्षिका; मास्तरांना अजून मुअल्लिमच म्हणायची. "मुअल्लिम, मला भोपळा देताना वही कशी बारकाईने तपासायचात! आता तुमची पाळी." हसत हसत पानं उलटता उलटता ती थबकली. "हे १२०७ यादीत कसं? सतरा गुणिले एकाहत्तर ना?"

मास्तरांनी जुना कागद काढला. १२०७ शाबूत. त्याच्या बरोब्बर खालच्या चौकटीतला १२१७ मात्र खोडलेला. पेन्सिल एक ओळ खाली उतरली होती. १२१७ ने भागायचं राहूनच गेलं होतं.

"राहू द्या, मुअल्लिम. आधी जेवू या."

मास्तर भागायला लागलेही होते. ६७००४१७. बाकी शून्य.

साव्री झारा घेऊन दारात आली. "काय झालं हो?"

"गेला भाग."

"नीट बघा. घाई केली असेल."

"तीनदा बघितलं."

"मग दुसरा आकडा घ्या ना एखादा!"

"त्याच्या नावावर एकच होता गं."

साव्रीने आत जाऊन पुलावाखालची आच विझवली. ओयनिसो चाचरत म्हणाली, "मुअल्लिम, आकड्याला काय ठाऊक असतं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "पण पोरी, दुसरं विचारायचं तरी कुणाला होतं?"